शेजाऱ्याचं काड आणि माझं भाषण

इंग्लंडमधल्या पहिल्या दहा वर्षांत मला कुणी भाषणाला बोलावलं नाही. हे दुःख मी बोलून दाखवलं नव्हतं, पण ते होतं. पुण्यात मेडिकलला असताना मी वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलगी. माझ्या कपांनी आमच्या स्वयंपाकघरातलं एक अख्खं फडताळ अडवलं होतं आणि आई म्हणायची, बक्षीस म्हणून डबे देणारी एखादी स्पर्धा असली तर बघ. इथे आल्यावर मात्र पेशंटला "कुठे दुखतंय?" एवढं विचारण्यापलीकडे माझ्या वाणीला काम उरलं नाही. गावातल्या महिला मंडळानं एकदा बोलावलं होतं, पण ते मी धरत नाही, कारण विषय होता 'करी'. मला स्वयंपाक येत नाही. मी हळदीच्या औषधी गुणांवर बराच वेळ बोलले आणि शेवटी एका बाईंनी विचारलं, हे सगळं ठीक आहे, पण ती कढईत घालायची कधी?

आमचं गाव लंडनजवळच्या मेडनहेडपासून गाडीनं अर्ध्या तासावर, शेतांच्या मधोमध. नवरा मेडनहेडला कॉम्प्युटर कंपनीत होता आणि मी गावातल्या दवाखान्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. घराच्या मागच्या कुंपणापलीकडे गव्हाचं शेत, त्याच्या टोकाला गोठा आणि शेतकऱ्याचं घर. तो आणि त्याची बायको, दोघंच. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्याची बायको प्लमचा क्रंबल, म्हणजे वर भुसभुशीत पीठ पसरून भाजलेली फळं, घेऊन आली. निळ्या काठाची, पांढऱ्या इनॅमलची डिश होती. आता शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, ही मला आईनं शिकवलेल्या आणि लक्षात राहिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. नवऱ्यानं चिवडा केला आणि मी डिश भरून देऊन आले.

चार दिवसांत डिश परत आली, अंडी घालून. मी साउथॉलच्या भारतीय दुकानातून आणलेली बर्फी भरून पाठवली. "स्वतः केलीत?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी अशी काही हसले की खोटं बोलायचीही वेळ आली नाही. मग जॅम आला, मग आमच्याकडून शंकरपाळे गेले. ती डिश कुणाची होती हेसुद्धा पुढे पुढे लक्षात राहिलं नाही. कुंपणाला एक फट होती, तिच्यातून ती वर्षानुवर्षं ये-जा करत राहिली.

ऑगस्टमध्ये मात्र त्याच कुंपणावरून धूर यायचा. गहू कापून झाला की शेतात काड आणि धसकटं उरायची, आणि त्या काळी इंग्लंडमधला शेतकरी सरळ काडी लावून मोकळा व्हायचा. आठ-दहा दिवस आभाळ तपकिरी. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर काजळीची कात्रणं येऊन बसायची आणि झटकायला गेलं की पसरायची. हे सगळं मी सोसलं असतं, पण आमच्या मुलीला दमा होता. ऑगस्ट आला की तिला खिडक्या बंद करून घरात ठेवावं लागे, आणि रात्रीच्या तिच्या त्या शिट्टीसारख्या श्वासानं मी आणि नवरा आळीपाळीनं जागत असू. दवाखान्यातही तेच. डॉक्टर असूनही आपल्या मुलीला स्वच्छ हवा देता येत नाही, याचा मला भयंकर राग यायचा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला या धुराबद्दल देशभर ओरड सुरू झाली. आमच्या गावानंही हॉलमध्ये सभा ठेवली आणि पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, चेअरमननी मला फोन केला. डॉक्टर म्हणून दोन शब्द बोलाल का? दोन शब्द! मी तीन रात्री आरशासमोर तयारी केली. नवरा म्हणाला, "अगं, व्हिलेज हॉल आहे तो. युनायटेड नेशन्स नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हणाले. "मुद्द्याला वजन यायला नको?"

सभेत आधी आमचा शेजारी बोलला. उभा राहून, टोपी हातात घेऊन. जमीन जड आहे, चिकणमातीची, काड नांगरून घातलं तर ते कुजत नाही. जाळलं की तण मरतं. विकायचं म्हटलं तर घेणारं कुणी नाही. एवढं बोलून तो खाली बसला. मग मी उठले. भाषण इंग्रजीत होतं, पण हातवारे पुण्याचे होते. मी आवाज चढवला, उतरवला, मध्येच थांबून श्रोत्यांकडे पाहिलं. आणि शेवटी बोट हॉलभर फिरवत म्हणाले, जो शेतकरी काड जाळतो, तो ते आपल्या शेतात जाळत नाही, शेजाऱ्याच्या फुप्फुसात जाळतो!

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. इंग्रज माणूस एवढ्या टाळ्या वाजवतो हे मला माहीत नव्हतं. मी तरंगतच घरी आले. सभेला आमच्याबरोबर आलेली मुलगी दारात आपल्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "आई, फार्मर अंकल मधेच उठून गेली. तू पाहिला नाही?"

मी खरंच पाहिलं नव्हतं. माझं बोट हॉलभर फिरत फिरत शेवटी त्याच्यावरच थांबलं होतं, हे मला नवऱ्यानं सांगितलं. तो पुढच्याच रांगेत होता, आणि सकाळी मी त्याच्याच प्लमचा जॅम टोस्टला लावून खाल्ला होता.

त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. समोरून आला की टोपीला हात लावायचा, कारण संस्कार, आणि नजर झाडावर. दवाखान्यात यायचंही बंद. मला वाईट वाटत होतं आणि माफी मागायची इच्छा होती, पण मागायची कशाबद्दल? मी बोलले ते बरोबरच होतं, हीच तर पंचाईत होती. चुकलेल्या माणसाला निदान चुकलं असं म्हणता येतं. डिश मात्र बंद झाली नाही. त्याच्या बायकोनं कुंपणाशी येऊन ती माझ्या हातात दिली, आत आल्याचा केक होता, आणि म्हणाली, "तो काय म्हणतो ते त्याचं. हे माझ्या हातचं आहे."

नव्वदीच्या सुरुवातीला सरकारनं शेतात काड जाळायला बंदीच घातली. सरकारनं माझं भाषण ऐकून कायदा केला, अशी माझी काही काळ प्रामाणिक समजूत होती. निदान मी गावातून तशी चालत होते. बंदीनंतरच्या पहिल्या ऑगस्टमध्ये आभाळ निळं राहिलं, मुलगी दिवसभर बागेत सायकल फिरवत होती, आणि खिडकीत उभं राहून ते बघताना मला रडू आलं. आज इतक्या वर्षांनीही त्या कायद्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही.

मोठ्या शेतकऱ्यांचं फारसं बिघडलं नाही. त्यांनी कापतानाच काडाचा भुगा करणारी नवी कंबाइनं, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, घेतली, दांडगे नांगर घेतले. आमच्या शेजाऱ्याचं कंबाइन त्याच्या लग्नाच्या वेळचं. त्यानं काडाचे गठ्ठे बांधले. एका वर्षी कापणीच्या वेळेला पावसानं पाठ सोडली नाही, गठ्ठे ओले ते ओलेच राहिले, आणि सगळ्यांकडेच काड पडून असल्यामुळे फुकटही कुणी नेईना. शेवटी त्यानं ते गोठ्यात छतापर्यंत रचलं आणि हिवाळाभर रोज थोडं थोडं सोडून गोऱ्ह्यांच्या खाली अंथरायला लागला. हे सारं मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं. दिसत होतं, पण मी लक्ष देऊन बघत नव्हते.

जानेवारीत त्याची बायको डिश घेऊन आली. सफरचंदाचा पाय होता, म्हणजे फळांचं सारण भरून भाजलेला. ती बसली आणि लगेच उठली नाही, म्हणजे काहीतरी होतं.

"त्याला बरं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळ झाली की हुडहुडी भरते, खोकला, धाप. सकाळी जरा बरा असतो, संध्याकाळी पुन्हा तेच. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. फ्लू आहे म्हणतो."

"मग दवाखान्यात पाठवा ना."

"तो येणार नाही. तुमच्याकडे तर नाहीच. तुमच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर म्हणतो, तोही त्यांच्याच किटलीतला चहा पितो." मग जरा हसली. "गंमत म्हणजे ख्रिसमसला आम्ही त्याच्या बहिणीकडे गेलो, तेव्हा ठणठणीत होता. परत आलो आणि दुसऱ्या दिवशी आडवा. म्हणतो, तुझ्या हातचं जेवण सोसत नाही."

मी गंभीर चेहरा करून मान हलवली आणि पॅरासिटामॉल सांगितलं. विद्यापीठाचं सुवर्णपदक थोडक्यात हुकलेली मी! संध्याकाळी जेवताना नवऱ्याला ही हकीकत सांगितली. तो तोच सफरचंदाचा पाय खात होता. म्हणाला, "सुट्टीवर गेलं की बरं वाटतं आणि परत आलं की ताप. मलाही होतं तसं. ॲलर्जी असते, ऑफिसची."

माझा घास तोंडातच राहिला.

मी सांगलीकडची. आमच्याकडे साखर कारखाने, आणि कारखान्याच्या मागे उसाच्या चोथ्याचे डोंगर. त्याला बगॅस म्हणतात. तो ओला राहून बुरशीला आला, की त्याची धूळ छातीत जाऊन कामगारांना नेमकं हेच व्हायचं. संध्याकाळी ताप, खोकला, धाप, आणि रजेवर गेलं की बरं. मेडिकलला तोंडी परीक्षेत मला हाच रोग विचारला होता. मी सुरुवात सहकारी चळवळीपासून केली, ऊस लावणाऱ्याच्या घामापर्यंत आले, आणि परीक्षक म्हणाले, "बाई, रोग सांगा." तेव्हा सुचला नव्हता. आता जेवणाच्या टेबलावर सुचला, नवऱ्याच्या ऑफिसच्या कृपेनं. उसाचा चोथा काय आणि गव्हाचं काड काय, बुरशीला दोन्ही सारखंच. आणि ते काड तिथे का साठलं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डिशमध्ये नवऱ्यानं केलेला शिरा भरला, स्टेथोस्कोप कोटाच्या खिशात घातला आणि कुंपणाच्या फटीतून सरळ गोठ्यात गेले. तो गठ्ठा सोडून लांब दांड्याच्या काट्यानं झटकत होता. दर झटक्याला पांढरी धूळ उडत होती आणि दारं थंडीसाठी बंद. किती वाळला होता तो! मला पाहून थांबला.

"डॉक्टर. भाषण आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "शिरा आहे."

पुढे काही बोलणार, तोच मला खोकल्याची उबळ आली. तो खोकत होताच. दोघं समोरासमोर खोकत उभे, आणि गोऱ्हे आमच्याकडे बघतायत. श्वास आल्यावर मी म्हणाले, "हे बंद करा. आजपासून. तुमचा फ्लू वगैरे काही नाही. हे काड तुमच्या छातीत जातंय."

तो काट्यावर रेलला. आवाज चढवला नाही, तेवढा दमच नव्हता. "कुठे घालू ते सांगा. जाळायचं नाही. विकलं जात नाही. जमीन पचवत नाही. आता तुम्ही म्हणता गोठ्यातही नको. सांगा, कुठे घालू?"

वक्तृत्वाचे एवढे कप जिंकलेल्या बाईला एक वाक्य सुचेना. मी तो विचार कधी केलाच नव्हता. धूर जायला हवा होता, तो गेला. काड कुठे जाणार हा प्रश्न माझ्या भाषणात नव्हता. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही. पण जरा शर्ट वर करा."

का कोण जाणे, त्यानं केला. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला. आत, अगदी खाली, नवी कोल्हापुरी चप्पल घालून कुणी हळूहळू चालावं तशी करकर ऐकू येत होती. मला भीती वाटली, आणि ती मी लपवली नाही. म्हणाले, "आणखी एखाद-दोन हिवाळे असे गेले, तर हे फुप्फुस परत येणार नाही. माझ्यावर राग आहे ना? मग मला शिव्या द्या, पण दम आहे तोवर द्या."

तो पालथ्या बादलीवर बसला, डिश मांडीवर घेतली आणि बोटांनी शिरा खायला लागला. बराच खाल्ला. मग म्हणाला, "उद्या येतो."

मोठ्या हॉस्पिटलातल्या छातीच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं की हे काड डोळ्यांसमोरही नको. छाती कितपत भरून येईल हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. एक वर्ष बघू, म्हणाले. म्हणजे गोठा रिकामा करायला हवा होता. कायदा त्यानं माझ्यापेक्षा नीट वाचला होता. "सुटलेले, मोडके गठ्ठे जाळायची मुभा आहे," तो म्हणाला. "तुमच्याच कायद्यात लिहिलंय." आता सुतळ्या कुजून त्यातला एकही गठ्ठा धड राहिला नव्हता. आणि डॉक्टर म्हणून मला विचाराल, तर त्या काडाला दुसरा उपाय नव्हता. हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

मार्चमधला शनिवार ठरला. भारतातून आलेल्या कॅलेंडरवर नवऱ्यानं पाहिलं, तर त्या दिवशी होळी. त्यानं पुरणपोळ्या केल्या, मी डिशमध्ये रचल्या, एवढा माझा हातभार. तोंडाला मास्क बांधून नवऱ्यानं आणि रोजंदारीवर आणलेल्या दोन माणसांनी सगळं काड शेताच्या मधोमध नेऊन टाकलं. शेजारी लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, ट्रॅक्टरपाशी उभा होता. मी पोचले तशी त्यानं खिशातून काडेपेटी काढून माझ्यापुढे धरली.

"तुम्ही पेटवा. गावाला दिसू दे."

मी पेटवली. ओलं काड आधी नुसतं धुमसलं, आणि धुराचा असा लोट उठला की तसा शेजाऱ्यानं उभ्या जन्मात केला नसेल. मग वारा फिरला. तो लोट सावकाश गावावरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, माझ्या दवाखान्यावरून आणि ज्या हॉलमध्ये मी बोट फिरवलं होतं त्याच्यावरून गेला. सोमवारी प्रत्येक पेशंटनं आधी त्याबद्दल सांगितलं आणि मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

होळीत मी एक पोळी टाकली. नवऱ्याला मात्र राहवलं नाही. त्यानं हाताची पालथी मूठ तोंडावर मारत खणखणीत बोंब ठोकली, शिमग्याची, अगदी साताऱ्याची. शेजारी दचकला. "हे काय?"

"आज ओरडायला परवानगी असते," नवरा म्हणाला. "ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावानं. वर्षातून एकदा. मग मन मोकळं."

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मूठ तोंडाशी नेली आणि श्वास घेतला. अर्धा आवाज निघाला, आणि मग त्याला जी उबळ आली, ती थांबेचना. ओठ निळसर झाले. बायकोनं त्याला ट्रॅक्टरच्या पायरीवर बसवलं आणि ती त्याची पाठ चोळत राहिली. पोळ्या तशाच राहिल्या. त्या क्षणी मला वाटलं की आपल्याला उशीर झाला.

ते वर्ष असंच धाकधुकीत गेलं. त्यानं गोऱ्हे विकले. ते गेले त्या दिवशी तो गोठ्याच्या दारात उभा होता आणि मी, त्याला नको असताना, त्याच्याशेजारी उभी राहिले. नांगरणी आता दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या यंत्रानं होऊ लागली. गोठा धुऊन, रंगवून, नवऱ्याच्या ओळखीच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरांना भाड्यानं दिला. "तीही खोकतात," शेजारी मला तपासणीच्या वेळी म्हणाला, "पण सिगारेटनं. त्यावर भाषण करा एखादं." दर महिन्याला मी करकर ऐकायची आणि ती कमी वाटतेय, की मला कमी वाटायला हवीय, हे मला कळत नसे.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या बायकोशी कुंपणापाशी बोलताना भांड्याचा विषय निघाला. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही आमची पद्धत मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तुम्हाला उपकार ठेवायला आवडत नाहीत, म्हणून तुम्ही लगेच फेड करता. मग आम्हालाही काही पाठवणं भाग." मग म्हणाली, "खरं सांगू? मला फक्त माझी डिश परत हवी होती."

पुढच्या मार्चमध्ये मुलगी हटून बसली की होळी पुन्हा करायची. आमच्याच बागेत, छाटलेल्या फांद्यांची, बेताची. मी धुराची दिशा दहादा बघितली, दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आधी सांगून आले. शेतकरी आणि त्याची बायको कुंपणाच्या फटीतून आली. डिश त्याच्या हातात होती, आणि ती रिकामी होती. "तुमची पद्धत कळली," तो म्हणाला. "म्हणून मुद्दाम रिकामी आणली. संपवू या एकदाचं."

नवऱ्यानं डिश घेतली आणि निमूटपणे त्यात पुरणपोळ्या रचायला लागला.

मग शेजारी आगीसमोर जाऊन उभा राहिला. माझ्याकडे वळला, टोपी काढून बायकोच्या हातात दिली, आणि पालथी मूठ तोंडाशी नेली. मला त्याला थांबवावंसं वाटलं. त्यानं श्वास घेतला, खोल, अगदी तळापर्यंत, मला दुरून मोजता येईल असा. आणि अशी बोंब ठोकली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. माझ्याच नावानं होती ती. संपेचना. थांबला, पुन्हा श्वास घेतला आणि दुसरी ठोकली. खोकला आला नाही.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. धुरानं, असं मी सगळ्यांना सांगितलं. धुराबद्दलचं माझं मत गावाला चांगलंच माहीत होतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही.